पिसांखालचं पोट

हावहोल्मवर माणसाचं नाव घ्यायच्या आधी घराचं नाव घेतात. म्हणून मालान म्हणजे क्रोकातली मालान. क्रोक हे गावाच्या टोकाचं घर. डोक्यावर गवताचं छप्पर, पाठीशी चढ, आणि चढ संपला की कडा. कड्याच्या पुढं आइसलँडपर्यंत नुसतं पाणी. मालान ह्याच घरात जन्मली आणि लग्न झाल्यावरही ह्याच घरात राहिली. फेरो बेटांत पोरी सहसा नवऱ्याच्या बेटावर नांदायला जातात, मालानच्या बाबतीत नवराच पेटी घेऊन बोटीतून उतरला. हानुस मूळचा सुदुरोय बेटाचा. धक्क्यावर पाय टाकताना तो घसरला आणि कमरेपर्यंत भिजला, तेव्हा मालानच्या मैत्रिणीनं, बिलहिल्डनं, सगळ्या गावादेखत विचारलं होतं, "अगं मालान, नवरा आणलास की कॉडमासा?"

घरजावयाला मान आयता मिळत नाही, तो कमवावा लागतो. हानुसनं तो जाळीच्या दांड्यावर कमावला.

हावहोल्मच्या कड्यावर लुंदी राहतात. पाठ काळी, पोट पांढरं, आणि चोच जणू पोराच्या हाती रंग देऊन रंगवून घेतलेली. बाहेरचे लोक त्यांना पफिन म्हणतात, त्यांचे फोटो काढतात, त्यांचं चित्र असलेले कप विकत घेतात. हावहोल्मचे लोक त्यांना खातात. हे वाचून ज्यांच्या कपाळाला आठी पडली असेल त्यांनी आधी आपल्या फ्रिजमधली कोंबडी कुठल्या पिंजऱ्यात वाढली ते बघून यावं, मग बोलू. जिथं झाड उगवत नाही, बटाटा रुसून बसतो आणि हिवाळ्यात बोट आठवडे न् आठवडे धक्क्याला लागत नाही, तिथं माणसं कड्यानं जगवली. शौक म्हणून कुणी वाऱ्यात जाऊन बसलं नाही.

लुंदी जमिनीत बीळ करतो आणि वर्षाला एकच अंडं घालतो. कड्याच्या काठाला दगड रचून केलेल्या बैठका असतात. जाळीवाला तिथं असा बसतो की गवत कुठं संपलं आणि माणूस कुठं सुरू झाला ते कळू नये. हातात माणसाच्या दुप्पट लांब दांडा, टोकाला जाळी. वारा चांगला असला की पक्षी काठाजवळून गोल गोल घिरट्या घालतात, आणि पुढं गेलेल्या पक्ष्याच्या मागून नेमकी जाळी उचलावी लागते. लवकर उचलली तर तो वळतो, उशीर झाला तर जाळीत वारा. हानुसच्या जाळीत वारा क्वचित यायचा. पहिले दोनचार पक्षी तो बैठकीच्या आसपास काड्यांच्या आधारानं जिवंतासारखे उभे करून ठेवी, म्हणजे वरच्यांना वाटावं, खाली मंडळी जमली आहेत, आपणही डोकावून यावं.

नियम एकच होता आणि तो बापजाद्यांपासून चालत आलेला. चोचीत मासा असलेल्या पक्ष्याला जाळी लावायची नाही. मासा आहे म्हणजे बिळात पिल्लू वाट बघतंय. जो नियम मोडेल त्याच्याशी गाव बोलत नसे, आणि चारसहा घरांच्या गावात न बोलणं म्हणजे काय ते हिवाळ्यातच कळतं.

कड्याचा हिस्सा जमिनीच्या मागोमाग येतो. मालानच्या बापाची जमीन मोठी, त्यामुळं सगळ्यात चांगली बैठक क्रोकची, म्हणजे मालानची. हिस्सा तिचा आणि हात त्याचा, असा तो संसार होता. गाव मात्र त्या बैठकीला 'हानुसची बैठक' म्हणायचं. मालाननं कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. परक्या बेटावरून आलेल्या माणसाला मिरवायला काहीतरी हवं, एवढं तिला कळत होतं.

तिचं काम खाली, दारापुढच्या बाकावर. हानुस पक्ष्यांची जुडी पाठीवरून उतरवून टाकायचा आणि ती पिसं उपटायला बसायची. पंखाखालचं, पोटाच्या कडेचं पीस सगळ्यात मऊ, म्हणून ते आधी काढायचं, उशीसाठी वेगळं. तिथंच बोटांना कळायचं. जो पक्षी अंड्यावर बसतो त्याच्या पोटाच्या दोन्ही कडांची पिसं गळून कातडी उघडी पडते, अंड्याला ऊब थेट कातडीची लागावी म्हणून. मालानची आई म्हणायची, "उघडं पोट म्हणजे घरी कुणीतरी आहे." बहुतेक उन्हाळ्यांत जुडीतली जवळजवळ सगळी पोटं भरल्या पिसांची असायची. तरणे पक्षी, अजून घर न मांडलेले, नुसते हुंदडायला आलेले. एखादं उघडं पोट हाती लागलं तर आई जिभेनं च्यक् करायची आणि पुढचा पक्षी घ्यायची.

मग ते मोठ्या उडाणाचं वर्ष आलं. मालानची धाकटी लेक लग्नाला आली होती, तिच्या रजईसाठी पिसं हवी होती, आणि आभाळात इतके लुंदी फिरत होते की म्हातारेसुद्धा बाहेर येऊन बघत उभे राहायचे. हानुस रोज वाकून चालत खाली यायचा, इतकं ओझं. चर्चमधून बाहेर पडताना लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. सुदुरोयचा माणूस हावहोल्मचा झाला तो त्या वर्षी.

बाकावर मालानच्या बोटांना एकामागून एक उघडं पोट लागत होतं.

"हानुस, ही सगळी अंड्यावरून उठून आलेली आहेत," ती म्हणाली.

"चोचीत मासा होता का एकाच्या तरी?"

"ते मला काय माहीत? वर तू होतास."

"मी होतो ना? नव्हता. एकाच्याही चोचीत नव्हता. नियम पाळलाय मी. तू पिसं बघ."

आणि तिनं पिसं बघितली. रजई झाली, लेक टोर्सहाउनला नांदायला गेली, आणि ती रजई अजून उबदार आहे.

काय झालं होतं ते त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. लुंदी पिल्लाला भरवतो तो सिल नावाचा बोटभर चंदेरी मासा. त्या वर्षी समुद्रातून सिलच गायब झाला. पिल्लं बिळात उपाशी मेली आणि मोकळे झालेले आईबाप कड्यापाशी घिरट्या घालत राहिले. आभाळ भरलं ते त्यामुळं. आणि चोची रिकाम्या, कारण चोचीत धरायला समुद्रात होतंच काय? जो नियम आईबापांना वाचवायला केला होता, त्यानंच त्या वर्षी त्यांना जाळीत घातलं. चोरी कुणी केली नाही. नियम पाळून झालं सगळं.

पुढच्या उन्हाळ्यातही पिल्लं मेली, बिळांतून कुजका वास आला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तोही आला नाही. आपण मारले म्हणून कडा ओस पडला असं म्हणणं सोपं आहे आणि ते अर्धं खोटं आहे. समुद्र तापला, सिल गेला, त्यात हावहोल्मचा हात नव्हता. तिकडं गाड्या, विमानं, कारखाने चालवणाऱ्यांनी आपला हात आपण तपासावा. पण लुंदी तीसतीस वर्षं जगतो, आज पिल्लू मेलं तर पुढल्या वर्षी पुन्हा अंडं घालतो. वाईट वर्षांतून तरून जायला त्याच्याकडं आयुष्य सोडून दुसरं भांडवल नाही. तेच जाळीत गेलं.

लुंदींच्या मागोमाग लोम्विगी कमी झाल्या, कड्याच्या अरुंद दगडी फळ्यांवर दाटीवाटीनं उभ्या राहून अंडी घालणाऱ्या. रिकाम्या फळ्यांवर घोडापक्षी येऊन बसले, जवळ गेलं की घाण वासाचं तेल थुंकणारे. मालानच्या आजोबांच्या आजोबांनी हा पक्षी हावहोल्मवर पाहिलाही नव्हता, आता तोच मालक. गावातही तसंच. पोरं गेली, शाळेला कुलूप लागलं, उन्हाळ्यात घरं उघडून बसणारे शहरी आले. हिस्सेदारांनी कडा बंद ठेवायचं ठरवलं आणि हानुसनं दांडा छपराखाली टांगला. त्याला पंधराएक वर्षं झाली.

ह्या उन्हाळ्यात पक्षी परत दिसू लागले. मेपासूनच. आधी पाण्यावर ठिपके, मग काठावर गप्पा मारत उभे, आणि जुलै लागला तसं आभाळात त्यांचं चाक फिरू लागलं. अंडी यंदा उशिरा पडली होती, म्हणून जुलैतही बरेच जण अजून अंड्यावर बसायचे. धक्क्यावर, दुकानात, चर्चच्या पायरीवर एकच विषय. शेवटी हिस्सेदार क्रोकच्या स्वयंपाकघरात जमले. हानुसच्या बहिणीचा मुलगा सिमुन, जो साल्मनच्या बोटीवर कामाला होता आणि ज्याच्याकडं हावहोल्मच्या बापाकडून आलेली खालची बैठक होती. बिलहिल्ड, जिच्याकडं छोटासा हिस्सा आणि मोठं तोंड होतं. आणि घरचे दोघं. रिवाज असा की एकानं जरी नाही म्हटलं तरी कडा उघडत नाही.

"ओलाव्सोकाच्या सणाला सगळी पोरं येणार आहेत," सिमुन म्हणाला. "त्यांना काय दुकानातली सॉसेजं वाढायची? दोनतीन दिवसच जाळी मारू, मामी. जास्त नाही."

"माझं 'हो' आहे," बिलहिल्ड म्हणाली. "मेल्यावर देवानं विचारलं, शेवटचा लुंदी कधी खाल्लास, तर तारीख आठवायला नको."

"देव तुला दुसरं खूप काही विचारणार आहे," मालान कॉफी ओतत म्हणाली.

"मालान, आभाळ बघितलंस का? का खिडक्या पुसायच्या सोडल्यास?"

"मोठ्या उडाणाच्या वर्षीही आभाळ असंच होतं."

हानुस साखरेचा खडा दातांत धरून कॉफी पीत होता. त्यानं खडा संपवला.

"माझ्या गुडघ्याला डॉक्टर पुढच्या वसंतात हात घालणार आहे," तो म्हणाला. "त्यानंतर मी वर चढणार नाही. तोच म्हणाला तसं. म्हणजे बसायचं तर ह्याच उन्हाळ्यात."

त्यानं मालानकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडं मागितलेलं असं काही तिला आठवेना. आता 'नाही' म्हटलं तर कडा वाचेल आणि हा माणूस उरलेलं आयुष्य खिडकीत बसून वाऱ्याची दिशा बघेल. 'हो' म्हटलं तर सिमुन दोनतीन दिवस म्हणता म्हणता आठवडाभर बसेल, त्याला ती लहानपणापासून ओळखत होती.

"उद्या मी तुझ्याबरोबर वर येते," ती हानुसला म्हणाली. "मग सांगते."

"तू? बैठकीवर?" सिमुन हसला. "मामी, तिथं बायका..."

"बैठक कुणाची आहे, सिमुन?"

सिमुननं कॉफीत तोंड घातलं.

सकाळी वारा आग्नेयेचा होता, हवा तसा. हानुस दर थोड्या वेळानं थांबायचा, गुडघा चोळायचा आणि दांड्याकडं असं बघायचा जणू दांडाच दमलाय. मालान मागून चालत राहिली, पुढं गेली नाही. बैठकीत तो बसला, टोपी कपाळावर ओढली, आणि तिनं पाहिलं की तो दिसेनासा झाला. इतकी वर्षं तिनं हे फक्त ऐकलं होतं. म्हातारा, लंगडा, खोकणारा माणूस, आणि दगडाला टेकला की दगड.

"एक अट," ती त्याच्या मागं गवतात बसत म्हणाली. "मान मोडायची नाही. आधी माझ्या हातात द्यायचा."

"हे काय नवीन?"

"जुनंच आहे. तुला माहीत नव्हतं एवढंच."

पहिल्या दोन वेळा जाळीत वारा आला. हानुसनं सुदुरोयच्या बोलीत एक शिवी दिली, तिसऱ्या वेळी दांडा उठला आणि त्यात पक्षी होता. मालाननं जाळीत हात घातला, आणि लुंदीनं तिच्या अंगठ्याची अशी काही पकड घेतली की तिच्या तोंडूनही सुदुरोयचीच शिवी निघाली.

"मेलेला चावत नाही," हानुस म्हणाला. "म्हणून आम्ही मान आधी मोडतो."

"गप बस." तिनं पक्षी उलटा केला, पंख उचलून पोटाच्या कडेला फुंकर मारली. पिसं दुभंगली आणि आत कातडी दिसली, गुलाबी, उघडी, अंगठ्याएवढी. तिनं हानुसचा हात ओढला आणि त्याचं बोट तिथं टेकवलं.

हानुसनं बोट काढून घेतलं नाही. आयुष्यभरात किती लुंदी त्याच्या हातून गेले असतील देव जाणे, पण प्रत्येकाची त्याला ओळख फक्त मानेची. पोटाच्या पिसांखाली काय असतं ते त्यानं कधी चाचपलंच नव्हतं, ते काम खाली बाकावर व्हायचं.

"गरम आहे," तो म्हणाला.

"बिळात अंडं आहे ह्याचं. आणि चोचीत मासा नाही. तुझ्या नियमानं हा चालला असता."

तिनं पक्षी काठावरून सोडला. तो दगडासारखा खाली गेला आणि मग पंख सापडून समुद्राकडं निघाला. हानुसनं पुन्हा दांडा उचलला. पुढचा उघडा. त्याच्या पुढचाही. एकदा त्यानं पक्षी तिच्याकडं न देताच स्वतः उलटा केला, फुंकर मारली, आणि सोडून दिला. एकदोन पक्षी चोचीत मासे घेऊन गेले, बारीक, सुतळीसारखे सिल. त्यांच्याकडं बघत तो म्हणाला, "हे काय मासे झाले? पिल्लाला दातकोरणी नेतोय."

मग एक भरल्या पोटाचा आला. मालाननं दोन्ही कडा तपासल्या, पिसं घट्ट, दाट, गुबगुबीत.

"हा?" हानुसनं विचारलं.

"तरणा आहे. अजून संसार नाही."

हानुसनं पक्षी हातात घेतला आणि मनगटाची एक हलकी हालचाल केली. मालाननं दुसरीकडं बघितलं नाही. तिनं त्याला अडवायचं ठरवलंच नव्हतं. तो मेलेला पक्षी त्यानं मांडीवर ठेवला, बैठकीजवळ काडीवर उभा केला नाही, आणि बराच वेळ दांडा आडवा ठेवून बसला. पक्षी अगदी जवळून जात होते.

"तेव्हा तू सांगितलं होतंस," तो म्हणाला.

"एकदा सांगितलं. मग मीही पिसं भरली."

"अजून थोडा वेळ बसूया. वारा चांगला आहे."

दुपारपर्यंत ते बसले. दांडा त्यानं पुन्हा उचलला नाही. उतरताना मात्र त्यानं तो तिच्याकडं दिला आणि तिच्या खांद्यावर हात टाकून उतरला, म्हणजे गावाला दुरून दांडा मालानच्या हातात दिसला. बिलहिल्ड फाटकापाशी उभीच होती.

"किती?" तिनं विचारलं.

हानुसनं एक पक्षी वर धरला.

"एक? अरे कॉडमाशा, सकाळपासून एक?"

"कडा बंद," हानुस म्हणाला. "अजून उघडायचा नाही."

सिमुन धावत आला. आभाळ भरलंय, मामा, म्हणाला. मोजून थोडे मारू, म्हणाला. तू स्वतः तर एक आणलासच की, म्हणाला. हानुस फाटकाला टेकून ऐकत राहिला, आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "तो एकटाच होता. बाकीच्यांच्या घरी कुणीतरी होतं." सिमुनला काही कळलं नाही, मालाननं सांगितलं तेव्हा थोडं कळलं, आणि तरी तो लाथेनं दगड उडवत गेला. चांगला मुलगा आहे, पण रागात भूक मिसळली की शहाणपण चवीला लागत नाही.

त्या संध्याकाळी मालाननं लुंदीची पिसं उपटली, तो धुतला, पोटात मनुका घातलेलं गोड केकचं पीठ भरलं, दोऱ्यानं शिवला आणि पातेल्यात मंद आचेवर ठेवला. असा लुंदी माणशी एक असतो. बिलहिल्ड आली, गावात उरलेली म्हातारी मंडळी आली, शेवटी सिमुनही आला, कारण वास त्याच्या घरापर्यंत गेला होता. बटाटे आणि रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा भरपूर होता. पक्ष्याचे मालाननं इतके बारीक तुकडे केले की बिलहिल्ड म्हणाली, "हा लुंदी आहे की प्रभुभोजनाची भाकर? पाद्रीबाबाला तरी बोलवा."

कुणी लवकर गिळला नाही. सिमुन घास तोंडात घोळवत म्हणाला, "पुढच्या वर्षी आभाळ असंच भरलं तर?"

सगळ्यांनी हानुसकडं बघितलं. त्यानं काटा खाली ठेवला, तोंड पुसलं.

"मला काय विचारतोस? मी पुढच्या वर्षी खाली बसणार," तो म्हणाला. "हिला विचार. बैठक क्रोकातल्या मालानची आहे."

"पोट बघायला शिकलास तर वर नेईन," मालान सिमुनला म्हणाली. "आणि अंगठ्याला जाड हातमोजा घाल."